कंठग्रंथीचे दुखणे आणि रोजची एक गोळी

फेब्रुवारीच्या तीन तारखेस संत ब्लेझचा सण येतो. त्या दिवशी मिस्सा आटोपल्यावर धर्मगुरू दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून प्रत्येकाच्या गळ्याशी नेतात आणि कंठाच्या पीडांपासून रक्षण व्हावे म्हणून आशीर्वाद देतात. आमच्या थोरल्या वहिनींचे माहेर पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात; सासर अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातील बेला भागात. काही वर्षांपूर्वी त्या माहेरी गेल्या असता हा सण आला. आशीर्वादासाठी त्यांनी पदर मागे सारून मान वर केली आणि शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्कर सिस्टरांची दृष्टी त्यांच्या गळ्यावर खिळली. या सिस्टरांचे अवघे आयुष्य दवाखान्यात परिचारिकेचे काम करण्यात गेलेले. मिस्सा संपल्यावर त्यांनी वहिनींना ओसरीवर बसविले, हाती पाण्याचा पेला दिला आणि एक घोट गिळावयास सांगितले. घोटासरशी गळ्याच्या पुढील भागातील फुगवटी वर सरकली व पुन्हा खाली आली.

“बाई, हे किती दिवसांचे?” सिस्टरांनी विचारले.

“कशाचे, सिस्टर?” वहिनींनी उलट विचारले.

ज्यांच्या गळ्याला सूज होती त्यांनाच ती ठाऊक नव्हती, आणि ज्यांना ती रोज समोर दिसत होती त्या आम्हा घरच्यांनीही ती पाहिली नव्हती. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. परंतु सांगितल्यावाचून पुढील हकीकत कळावयाची नाही. त्याआधीची दोन वर्षे वहिनी पूर्वीच्या राहिल्या नव्हत्या. पहाटे चारला उठणारी बाई सहा वाजले तरी अंथरुणातून निघेना. वरणात मीठ दोनदा पडे, नाहीतर मुळीच पडत नसे. केस मूठमूठ गळत, टाचांना भेगा, मलावरोध जुनाच झालेला, मासिक पाळीत रक्त फार जाई. आणि ज्या आवाजावर गावातील सारी भजनमंडळी सूर धरीत असे तो आवाज घोगरा पडल्यामुळे त्यांनी गाणेच सोडून दिले होते. थंडीचे तर विचारू नये. आदिलाबादेत जानेवारीत पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा सगळेच कुडकुडतात. परंतु वहिनी मार्च महिन्यातही घोंगडी सोडीत नसत. आम्ही त्याला काय म्हणालो? कोणी म्हणाले, वय झाले. कोणी म्हणाले, अंग जड झाले म्हणजे आळस येतोच. आमच्या एका नातलगाने तर ‘आता सून आणा, म्हणजे वहिनींना खाटेवर बसता येईल’ असा विनोदही केला, आणि आम्ही हसलो. एका डॉक्टरांनी शक्तीची इंजेक्शने दिली, दुसऱ्यांनी रक्तवाढीचे औषध दिले. कंठग्रंथीची तपासणी कोणी सुचविली नाही.

ती तपासणी पुढे आदिलाबादेत झाली. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे, तिला पीयूषिका म्हणतात. गळ्यातील थायरॉइड म्हणजे कंठग्रंथी ही हिच्या हाताखालची. कंठग्रंथीने काम कमी केले की पीयूषिका रक्तात टी.एस.एच. नावाचा स्राव अधिक सोडते. जणू सुस्तावलेल्या गड्याला धन्याने मोठ्याने हाक मारावी. वहिनींच्या रक्तात ही हाक फार मोठी निघाली. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट निघाली: त्यांच्या रक्तात स्वतःच्याच कंठग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे होती. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘हाशिमोटो’ असे एक जपानी नाव लिहिले, आणि तो कागद घेऊन भाऊ घरी आले.

आता गावात काय व्हावे? गावातील वृद्ध मंडळी म्हणाली, “अहो, हा तर गलगंड! मीठ बदला.” त्यांचे म्हणणे अज्ञानाचे नव्हते. आदिलाबाद जिल्ह्याच्या उतनूरकडील डोंगराळ भागात गलगंड पूर्वीपासून आढळत आलेला आहे. डोंगरउतारावरील मातीतले आयोडीन पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते. मातीत नाही ते पिकात नाही, पिकात नाही ते माणसाच्या अंगात नाही. कंठग्रंथीला आपला रस तयार करण्यास आयोडीन लागते. ते न मिळाल्यामुळे ती बिचारी अधिक कष्ट करून फुगत जाते. हा झाला जुना गलगंड. त्यावरील उपाय आपल्याच देशात सिद्ध झाला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६ साली हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात एक प्रयोग आरंभिला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांस आयोडीनयुक्त मीठ दिले व एका भागास साधे. काही वर्षांनी पाहिले तो आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड झपाट्याने ओसरला होता. १९६२ साली भारत सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. १९९२ साली त्याचे नाव पालटून त्यात आयोडीनच्या अभावाने होणारे इतरही विकार घेतले. आज दुकानात मिळणाऱ्या मिठाच्या पुडीवर आयोडीनचा उल्लेख असतो तो या कार्यक्रमाचेच फळ होय. मात्र पुडी फोडून मीठ उघड्या वाडग्यात चुलीशेजारी ठेवणाऱ्या गृहिणींनी एवढे लक्षात ठेवावे की उष्णतेने व ओलाव्याने त्यातील आयोडीन उडून जाते. झाकणाची बरणी बरी.

परंतु वहिनींचे घर तर पुडीचेच मीठ खात होते. मग ही सूज कशाची?

जपानमधील क्यूशू विद्यापीठात हाकारू हाशिमोटो नावाचे एक तरुण शल्यवैद्य होते. त्यांचा जन्म १८८१ सालचा. चार स्त्रियांच्या गळ्यातून शस्त्रक्रियेने काढलेल्या ग्रंथी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्या ग्रंथींत रक्तातील पांढऱ्या पेशींची अशी दाटी झाली होती की मूळ ग्रंथीचे सूत हरवून गेले होते. हा जुन्या गलगंडाहून वेगळा रोग आहे असे त्यांनी १९१२ साली एका जर्मन नियतकालिकात लिहून प्रसिद्ध केले. त्यानंतर ते अधिक अभ्यासासाठी जर्मनीस गेले, आणि परतल्यावर मोठ्या शहरात न राहता आपल्या मूळ गावाकडे जाऊन त्यांनी साधी वैद्यकी केली. १९३४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, विषमज्वराने त्यांचा अंत झाला. पुढे साऱ्या जगात त्या रोगाला त्यांचे नाव मिळाले, ते पाहावयास ते राहिले नाहीत.

पांढऱ्या पेशी तेथे का जमल्या, याचे उत्तर मिळण्यास आणखी चव्वेचाळीस वर्षे लागली. १९५६ साली लंडनमध्ये डेबोरा डोनियाक या बाईंच्या ध्यानात आले की या रोग्यांच्या रक्तात प्रतिकार करणारी प्रथिने वाढलेली असतात आणि ग्रंथी काढून टाकली की ती उतरतात. मग ती कोणाशी लढत असावीत? त्यांचे सहकारी आयव्हन रॉइट यांनी रोग्याच्या रक्ताचे पाणी आणि कंठग्रंथीचा अर्क एकत्र आणले. दोघांच्या संयोगाने साका खाली बसला. शत्रू बाहेरचा नव्हता. शरीराचे शिपाई आपल्याच घरातील एका निरुपद्रवी माणसावर धावून गेले होते. त्याच वर्षी अमेरिकेत नोएल रोझ व अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांवरील प्रयोगांतून हेच दाखविले. (योगायोग असा की कांगड्याचा प्रयोग १९५६ सालचाच, आणि आमचा आदिलाबाद जिल्हा हैदराबाद राज्यातून आंध्र प्रदेशात गेला तोही त्याच वर्षी, एक नोव्हेंबरला. जिल्ह्यातील शाळकरी मुलांना यांपैकी शेवटचे तेवढे शिकवितात.)

तेव्हा वहिनींच्या सुजेला अधिक आयोडीन हा उपाय नव्हता. उलट आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेतल्या असत्या तर या रोगात अपायच होण्याचा संभव. घरात रोजचे पुडीचे मीठ चालू ठेवावे, त्यात जास्तीची भर घालू नये. गावातील वृद्धांना हे पटविण्यास भावांना चार संध्याकाळ ओट्यावर बसावे लागले, आणि आमच्या समजुतीप्रमाणे दोघांना ते अजून पटलेले नाही.

असे का होते, शिपाई का फिरतात, याचे पुरते उत्तर शास्त्राजवळ आजही नाही. हा विकार घराण्यात चालतो. आईला असला तर मुलीला होण्याचा संभव अधिक. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो कित्येक पटींनी जास्त आढळतो. पुष्कळदा बाळंतपणानंतर डोके वर काढतो. तो स्पर्शाने लागत नाही, ताटवाटीने लागत नाही, कोणाच्या दृष्टीने तर मुळीच लागत नाही. आणि तो दुर्मिळही नाही. हैदराबादसह देशातील आठ मोठ्या शहरांत झालेली एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत तपासलेल्या प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांची कंठग्रंथी मंदावलेली निघाली. खेड्यांचे आकडे शहरांसारखेच असतील असे आम्ही म्हणत नाही. परंतु आपल्या धर्मग्रामातील बाकांवरून एकदा नजर फिरविली तर वहिनी एकट्याच असतील असेही वाटत नाही.

उपचार मात्र इतका सोपा आहे की प्रथम कोणाचा त्यावर विश्वास बसत नाही. जो रस ग्रंथी करीत नाही तो बाहेरून द्यावयाचा, बस. १८९१ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या कंठग्रंथीचा अर्क काढून एका सेहेचाळीस वर्षांच्या बाईस टोचला. सुजलेला चेहरा, जड जीभ, मंद बोलणे अशी तिची दशा होती. ती सुधारली, आणि पुढे तोच अर्क घेत १९१९ सालापर्यंत, म्हणजे आणखी अठ्ठावीस वर्षे, जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७०हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या असा हिशेब आहे! १९१४ साली ऐन नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी या ग्रंथीतील मूळ द्रव्य शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले. पुढे डुकरांच्या सुमारे तीन टन ग्रंथींतून त्यांना ते अवघे ३३ ग्रॅम मिळाले. १९२७ साली ते प्रयोगशाळेत तयार करता आले आणि मेंढ्या-डुकरांची गरज सरली. लिव्होथायरॉक्सिन नावाची बारीक पांढरी गोळी जी आज मिळते ती हीच. दिवसाचा तिचा खर्च एका चहाच्या किमतीहून कमी पडतो.

गोळी सोपी; तिची शिस्त तेवढी अवघड. वहिनींनी पहिल्या दोन महिन्यांत जवळजवळ सर्व चुका केल्या आणि त्यामुळेच आम्हांस त्या ठाऊक आहेत. गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची आणि नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. आमच्याकडे उठल्याबरोबर चहा हा नेम. गोळीच चहाबरोबर जाई. रक्तवाढीची लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी त्याच मुठीत जाई. वास्तविक या दोहोंत आणि थायरॉक्सिनमध्ये चार तासांचे अंतर हवे, नाहीतर ती पोटातच अडकून राहते. सोयाबीन हे आमच्या भागाचे पीक. सोयावडीची भाजी सकाळी गोळीच्या पाठोपाठ खाऊ नये, दुपारी खुशाल खावी. ज्वारीची भाकरी सोडण्याचे कारण नाही. शिजविलेली पानकोबीही चालते. ‘हे खाऊ नका, ते खाऊ नका’ अशा लांबलचक याद्या घेऊन जे येतात त्यांना पाणी देऊन वाटेला लावावे.

दुसरी चूक घराची होती. बाटली चुलीवरच्या कोनाड्यात ठेवलेली, आणि आदिलाबादचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जाणारा. या औषधाला उष्णता, ओल आणि उजेड तिन्ही सोसत नाहीत. त्याचा जोर ओसरतो. मे महिन्यात वहिनी पुन्हा सुस्तावल्या तेव्हा डॉक्टरांनी मात्रा वाढविण्याआधी ‘बाटली कोठे असते?’ असे विचारले. त्या डॉक्टरांचे आम्हांस फार कौतुक वाटते. आता बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा एका कोरड्या मडक्यात आणि मडके मधल्या खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, पाण्याच्या रांजणापासून दूर.

तिसरी चूक घाईची. या औषधाचा अंश शरीरात निम्मा व्हावयास सुमारे सात दिवस लागतात; म्हणून ते सावकाश चढते व सावकाश उतरते. आठवडा झाला तरी गुण नाही म्हणून ते सोडणे जसे वेडेपणाचे, तसेच महिना दोन महिने बरे वाटले म्हणून सोडणेही. सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते. एकदा ती बसली की सहा महिन्यांनी वा वर्षाने तपासणी पुरते. वय झालेल्यांना व हृदयविकार असलेल्यांना डॉक्टर फार लहान मात्रेने आरंभ करतात. आणि जास्त मात्रा म्हणजे जास्त गुण असे नव्हे; तिने छाती धडधडते, झोप उडते, पुढे हाडे ठिसूळ होतात. वजन घटविण्यासाठी शेजारणीच्या बाटलीतून गोळ्या मागणाऱ्या भगिनी आम्ही पाहिल्या आहेत. तो खेळ प्राणावर बेतू शकतो. तसे पाहता वहिनींचे वजन गोळीने तीनच किलो उतरले. बाकीचे पुरणपोळीचे होते, असे त्या स्वतःच सांगतात. तेलंगण शासनाने २०२१ साली जिल्ह्याजिल्ह्यांतून रोगनिदान केंद्रे उघडली, त्यांत आदिलाबादही होते. तेव्हा खर्चाच्या भीतीने तपासणी टाळण्यापूर्वी सरकारी दवाखान्यात ‘थायरॉइडची तपासणी येथून होते का’ एवढे तरी विचारावे.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला ती सांगतो.

वहिनींची मुलगी, आमची पुतणी, वयाच्या एकविसाव्या वर्षी तपासणीत आईच्याच वाटेने जात असल्याचे आढळले. तिला गोळी सुरू झाली आणि वर्षभरात तिचे लग्न ठरले. बोलणी चालू असता घरातील वडीलधाऱ्यांनी, त्यांत आम्हीही होतो, असे ठरविले की गोळीचा विषय काढू नये. ‘मुलीला रोग आहे’ हे शब्द एकदा सुटले की परत येत नाहीत, हा आमचा युक्तिवाद. मुलगी सासरी गेली. बाटली ट्रंकेच्या तळाशी, साड्यांखाली. सकाळी सर्वांच्या देखत ट्रंक उघडता येईना. आधी एक दिवस चुकला, मग आठवडा, मग गोळी बंदच झाली. पुढे दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात गेले. औषध थांबल्यामुळेच ते झाले असे डॉक्टरांनी म्हटले नाही. गर्भ अनेक कारणांनी जातो. परंतु कंठग्रंथी मंद असताना औषध न घेतल्यास गर्भपाताचा धोका वाढतो, हेही त्यांनी लपविले नाही. पहिले तीन महिने तर गर्भाला आईच्याच कंठग्रंथीच्या रसावर राहावे लागते. त्याच्या मेंदूची घडण त्यावर चालते. म्हणूनच गर्भ राहिल्याचे कळताच अशा स्त्रीची मात्रा पाव ते तृतीयांश वाढवावी लागते. पुष्कळ डॉक्टर, दिवस राहिल्याचे कळताच आठवड्याला दोन गोळ्या जास्त घ्या व लगेच भेटा, असे आधीच सांगून ठेवतात.

तिच्या सासूबाईंना खरी गोष्ट कळली ती दवाखान्यात. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. नंतर आमच्या वहिनींना म्हणाल्या, “विहीणबाई, मला बीपीची गोळी आहे. ती मी कोणापासून लपवली नाही. तुम्ही का लपवलीत?” वहिनींजवळ उत्तर नव्हते. आमच्याजवळही नव्हते, आणि खरे पाहता तो निर्णय वहिनींचा नव्हताच. आम्हा पुरुषांचा होता.

दुसऱ्या खेपेस सासूबाईंनीच सून उठण्यापूर्वी पाण्याचा पेला भरून ठेवावा असा क्रम चालला. मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी त्याचेही रक्त तपासून घेतले. काही बालकांची कंठग्रंथी जन्मतःच काम करीत नाही. ते पहिल्या दोन आठवड्यांत कळून औषध सुरू झाले तर मूल इतरांसारखे वाढते, न कळल्यास बुद्धीची हानी होते. मुलाचे सर्व ठीक निघाले. गोळी चालू असता अंगावर पाजण्यास हरकत नाही हेही डॉक्टरांनी सासूबाईंना समजावून सांगितले. कारण तो प्रश्न शेजारणींनी एव्हाना उपस्थित केला होता.

एक शंका उरली, ती आमच्या मातोश्रींची. त्यांच्या बालपणी कम्युनियन घ्यावयाचे तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही वर्ज्य असे. त्यामुळे दर रविवारी त्या वहिनींना म्हणत, “आजच्या दिवस गोळी राहू दे.” वर्षातले बावन्न रविवार, शिवाय सणवार! अखेर वहिनींनी फादरांना विचारले. पाण्याने उपवास मोडत नाही हा नियम पोप बारावे पायस यांनी १९५३ सालीच केला. १९६४ सालापासून उपवास एका तासाचा झाला. आणि औषध तर रोग्याने केव्हाही घ्यावे. मातोश्रींनी ते ऐकून घेतले आणि “मग पाणी जरा कमी पी,” एवढेच म्हणाल्या.

रविवारी वहिनी पाचला उठतात, मडक्यातील डबा काढतात, गोळी घेतात आणि पहिल्या मिस्सेला चालत जातात. चहा परत आल्यावर. गेल्या नाताळात भजनमंडळीचा सूर पुन्हा त्यांनी धरला. वरच्या पट्टीत आवाज अजून थोडा फाटतो.